दहा रुपयांची तक्रार

गावातला हँडपंप बिघडला तर तक्रार कोणाकडे करायची? विसावं शतक संपेपर्यंत मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात याचं उत्तर ठरलेलं होतं. सरपंचाला सांगायचं. सरपंच सचिवाला सांगणार, सचिव कधी जनपद पंचायतीत गेला तर तिथल्या बाबूच्या कानावर घालणार, आणि तोवर पावसाळा येणार. १ जानेवारी २००० पासून या वाटेला एक फाटा फुटला. रस्त्याकडेच्या एका खोलीत जायचं, तिथे बसलेल्या जेमतेम दहावी झालेल्या ओळखीच्या पोराला दहा रुपये द्यायचे. तो संगणकावर हिंदीत तक्रार टाइप करणार, ती टेलिफोनच्या तारेतून धारला जिल्हा पंचायतीच्या सर्व्हरवर जाणार, आणि त्याच पडद्यावर काही दिवसांत उत्तर येणार.

तेव्हा फेसबुक जन्मायला चार वर्षं होती आणि व्हॉट्सअॅपला नऊ. योजनेचं नाव होतं ‘ज्ञानदूत’. त्या खोलीला म्हणायचे सूचनालय आणि पोराला सूचक. जिल्हाधिकारी राजेश राजोरा आणि जिल्हा पंचायतीचे मुख्य कार्यकारी अधिकारी अमित अग्रवाल या दोन सनदी अधिकाऱ्यांनी ती उभी केली. सुरुवातीला वीस सूचनालयं होती, लवकरच ती एकतीस झाली आणि सहाशेच्या वर गावं त्यांच्या कक्षेत आली. एका सूचनालयाचा खर्च साधारण पाऊण लाख. तो दिल्लीने किंवा भोपाळने दिला नाही, पंचायतींनी आणि लोकांनी उचलला. सूचकाला पगार नव्हता. मंडीतला सोयाबीनचा, गव्हाचा भाव, खसऱ्याची (जमिनीच्या नोंदीची) नक्कल, जातीच्या नि उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, असं जे काम तो करेल त्याचे ठरलेले पैसे घ्यायचे आणि त्यातला दहावा हिस्सा जिल्हा पंचायतीला द्यायचा.

त्याच वर्षी ज्ञानदूतला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. जगभरातून अभ्यासक धारला यायला लागले. दूरच्या मंडीतला चढा भाव कळल्यावर तिकडे माल नेणारा शेतकरी आणि दोन दिवसांत दुरुस्त झालेला हँडपंप या दोन गोष्टी इतक्या वेळा छापून आल्या, की त्यांच्यावर एक छोटा ग्रंथसंग्रह होईल.

पण मग २००२ मध्ये अहमदाबादच्या आयआयएमने पाहणी केली, तेव्हा चित्र वेगळं निघालं. सूचनालयांकडे येणारी माणसं अपेक्षेच्या मानाने फारच थोडी होती. दिवसातून कितीतरी तास वीज नाही, असली तर डायल-अप लागत नाही, आणि लागलाच तर मध्येच तुटतो. गरीब, आदिवासी, बायका तिथवर पोचतच नव्हत्या. ही कारणं खरी आहेत, अहवालांत सगळीकडे तीच येतात. तरी मला त्यात एक कारण अंग चोरून बसलेलं दिसतं. वीज नसताना माणूस उद्या परत येतो, तार तुटली तरी परवा येतो. पण दहा रुपये मोजून केलेल्या तक्रारीला उत्तरच आलं नाही, तर तो पुन्हा येत नाही. शिवाय शेजाऱ्यालाही सांगतो. ज्यांनी यंत्रणा उभारली ते अधिकारी जागेवर होते तोपर्यंत खालच्या खात्यांना वरून विचारणा होत होती, म्हणून हँडपंप दुरुस्त होत होते. सनदी अधिकाऱ्याची बदली होतेच. तार, सर्व्हर, सूचक सगळं तिथेच राहिलं, विचारणारा गेला.

गावातल्या सोशल मीडियाबद्दल आज जे उत्साहाने बोललं जातं, त्यात हा मुद्दा नेहमी निसटतो. निरोप किती जणांपर्यंत पोचला ते मोजलं जातं, त्यावर परत काय आलं हे कुणी मोजत नाही.

*

धार आणि माळव्यातलंच देवास ही नावं मराठी कानाला परकी नाहीत. दोन्ही पवारांची संस्थानं. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात दोन दरबार मांडून बसल्या होत्या, आणि त्यातल्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये चिटणीस म्हणून राहून गेला. पुढे १९४८ मध्ये आजारी कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. आपलं माळव्याचं ज्ञान बहुधा इथे, राजवाडा आणि देवासच्या टेकडीच्या आसपास थांबतं. २०११ च्या जनगणनेत धार जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाख ८६ हजारांच्या घरात होती आणि तीत निम्म्याहून अधिक आदिवासी, मुख्यतः भिल्ल आणि भिलाला. साक्षरता ५९ टक्के. या आदिवासी पट्ट्यात, म्हणजे कुक्षी, मनावर, गंधवानी, डही या बाजूला, राजवाड्याच्या इतिहासाशी कोणाला काही देणंघेणं नाही.

याच कुक्षी भागातला हिरालाल अलावा हा मुलगा डॉक्टर झाला, दिल्लीच्या एम्समध्ये सहायक प्राध्यापक झाला. २०११-१२ च्या सुमारास त्याने आणि त्याच्यासारख्या शिकलेल्या आदिवासी तरुणांनी फेसबुकवर लिहायला सुरुवात केली. विषय होते आदिवासी क्षेत्रांसाठीची घटनेची पाचवी अनुसूची, तिथल्या पंचायतींचा १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा, कुपोषण, स्थलांतर. पाचव्या अनुसूचीबद्दल फेसबुकवर लिहून कोण वाचणार, असं वाटेल. वाचणारे होते. इंदूर, बडवानी, धारच्या वसतिगृहांत राहणारी, घरातली पहिलीच शिकणारी मुलं होती. सुरतच्या नि मोरबीच्या कामांवर गेलेल्यांतही हातात फोन आलेले होते. गावात एकमेकांना कधीच न भेटणारी ही माणसं एका पानावर आली.

आणि मग त्यांनी जी गोष्ट केली, ती मला या सगळ्या कहाणीत सर्वांत शहाणपणाची वाटते. मे २०१३ मध्ये त्यांनी बडवानीत ‘फेसबुक पंचायत’ भरवली. पडद्यावर ओळख झालेल्यांनी प्रत्यक्ष यायचं, बसायचं, बोलायचं. पंचायत हा शब्द उगाच घेतलेला नव्हता. भिल्ल-भिलाला समाजात भांडण असो, लग्न असो, बसून बोलल्याशिवाय ते मिटलं असं कोणी मानत नाही. फेसबुकवर ‘लाइक’ करणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाही. समोर बसलेल्याला विचारता येतो, तू तालुक्यात काय करणार? पुढे इंदूरला याहून मोठी पंचायत झाली. यातून जय आदिवासी युवा शक्ती, म्हणजे ‘जयस’, ही संघटना उभी राहिली.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि फुकटच्या डेटाने पश्चिम मध्य प्रदेशातलं बरंच गणित बदललं. २०१७ मध्ये राज्यात विद्यार्थी संघाच्या निवडणुका झाल्या, तेव्हा धार, झाबुआ, बडवानी, अलीराजपूरच्या कॉलेजांत जयसची मुलं निवडून आली. प्रस्थापित विद्यार्थी संघटनांना त्याचा अंदाज नव्हता, कारण जयसचे फलक कुठे लागलेच नव्हते. अलावांनी नोकरी सोडली. २०१८ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर मनावरमधून आमदार झाले. भाजपच्या रंजना बघेल या माजी मंत्री त्यांच्याकडून पराभूत झाल्या. २०२३ मध्ये ते पुन्हा निवडून आले, पण या वेळी अगदी थोड्या मतांनी. मधल्या काळात जयसमध्ये गट पडले. पक्षाच्या तिकिटावर जाणं योग्य की अयोग्य, संघटनेचं नाव कोणाचं, याचे वाद ज्या फेसबुकवर संघटना जन्मली तिथेच जाहीर चालले.

यात गंमत अशी की विधानसभेपेक्षा टिकाऊ काम मला दुसरीकडे दिसतं. होळीच्या आधीच्या आठवड्यात या पट्ट्यात जे हाट भरतात त्यांना भगोरिया म्हणतात. वर्षानुवर्षं शहरी वर्तमानपत्रांनी त्याला ‘प्रणयपर्व’ करून टाकलं होतं: मुलीला गुलाल लावायचा, पान द्यायचं, पळवून न्यायचं. फोटोही तसलेच. आदिवासी तरुणांनी सोशल मीडियावरून हे खोडून काढायला घेतलं. हा होळीच्या खरेदीचा हाट आहे, इथे आमच्या आया-बहिणी येतात, कॅमेरा सांभाळा. वर्षामागून वर्ष, प्रत्येक बातमीखाली. आज त्या भागातला पत्रकार ‘प्रणयपर्व’ लिहिण्याआधी दोनदा विचार करतो. खोटं लिहिलं तर त्याच संध्याकाळी उत्तर येतं, हे त्याला कळलंय. जे ज्ञानदूतला सरकारकडून मिळवता आलं नाही ते या पोरांनी छापखान्याकडून मिळवलं.

*

अलावांच्या याच मनावरची दुसरी हकिकतही सांगितली पाहिजे.

५ फेब्रुवारी २०२० ला उज्जैन-इंदूर भागातले काही शेतकरी धार जिल्ह्यात आले होते. मजुरांना त्यांनी उचल दिली होती. मजूर कामावर आले नाहीत, तेव्हा पैसे परत मागायला ते आले. बोलाचाली झाली, दगडफेक झाली, ते गाड्या घेऊन पळाले. त्यांच्या पुढे फोन पळाला: मुलं पळवणारी टोळी येतेय. मनावर भागातल्या बोरलई गावात जमावाने त्यांना गाठलं. एकाचा जीव गेला, बाकीचे रक्तबंबाळ झाले. त्याआधी १ जुलै २०१८ ला आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं अशीच मारली गेली होती. ती भिक्षा मागायला बाहेर पडलेली होती. तो दिवस आठवडी बाजाराचा. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एकावेळी पाच चॅटपलीकडे निरोप पुढे ढकलता येणार नाही, अशी मर्यादा घातली.

पाचची मर्यादा बोरलईत उपयोगी पडली नाही. अफवा फोनाफोनीने, गावच्या ओळखीपाळखीने जाते. जाणाऱ्या निरोपाला अडवून ‘तू पाहिलंस का?’ असं विचारणारा कोणी त्या साखळीत नव्हता. एरवी मध्य प्रदेशातल्या खेड्यात निरोप देण्याचं काम कोटवाराचं, आपल्याकडे दवंडी पिटणाऱ्या कोतवालाचं असतं तसं. कोटवार काही पत्रकार नाही. पण त्याने मुनादी केली की ती कोणाच्या सांगण्यावरून केली हे गावाला ठाऊक असतं, आणि खोटी निघाली तर उद्या सकाळी त्याच्या दारात जाता येतं. व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या व्हिडिओला असं दार नाही.

तरी तोच फोन जीव वाचवतो हेही धारनेच पाहिलं. ऑगस्ट २०२२ मध्ये धरमपुरी तालुक्यात कोठीदाजवळ, कारम नदीवर बांधल्या जात असलेल्या धरणाच्या मातीच्या भिंतीतून पाणी झिरपू लागलं. त्याचे व्हिडिओ राज्यभर गेले. धार आणि खरगोन मिळून अठरा गावं रिकामी केली गेली, लष्कराला बोलावलं, बाजूने चर खणून पाणी काढून दिलं. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्री पाणी सुटलं. शेतं वाहून गेली, माणूस दगावला नाही. त्या वेळी व्हिडिओ पाहून दार उघडणारे होते, कारण धरण फुटणं राजधानीला परवडणारं नव्हतं. हँडपंप मोडलेला परवडतो.

*

देवासमध्ये निरोप फार वेगळ्या रीतीने फिरले, आणि तिथे मोबाइलचा वाटा बराच उशिरा येतो.

१९९० मध्ये देवास शहराला रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचं पाणी आणावं लागलं. कूपनलिकांनी भूजल उपसून टाकलं होतं. २००६ मध्ये उमाकांत उमराव जिल्हाधिकारी म्हणून आले आणि त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं, जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या. सरकारचा पैसा नव्हता. आधी मोठ्या शेतकऱ्यांना गाठलं, कारण पाणी तेच सर्वांत जास्त उपसत होते आणि तळं खणायची ऐपतही त्यांच्याकडेच होती. तळ्यांना नाव दिलं ‘रेवासागर’, खणणाऱ्याला ‘भगीरथ कृषक’. एकाच्या शेतात गहू दुप्पट आलेला शेजारच्या गावाने जाऊन पाहिला, मग त्याने खणलं. जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली. राज्य सरकारने नंतर बलराम तालाब योजना आणली आणि अनुदान दिलं. या सगळ्यात पडदा कुठेच नव्हता. बांधावर उभं राहून शेतकरी शेतकऱ्याला विचारत होता, किती खर्च आला, आणि तो सांगत होता.

देवासच्या दुसऱ्या टोकाला, घाटाखाली बागली तालुका आहे. तिथे आदिवासी गावं जास्त आणि पाणी कमी. १९९० पासून समाज प्रगती सहयोग ही संस्था तिथे पाणलोटाचं काम करते. तिच्या संस्थापकांपैकी मिहीर शहा पुढे नियोजन आयोगाचे सदस्य झाले. नीमखेड्यातल्या तिच्या प्रशिक्षण केंद्राला बाबा आमट्यांचं नाव आहे. नव्वदच्या दशकात बाबा नर्मदेकाठी बडवानीजवळ कसरावदला राहत होते. या संस्थेने गावातल्याच मुलामुलींना कॅमेरा आणि संकलन शिकवलं आणि स्वतःचं माध्यम केंद्र उभं केलं. बियाण्यावर प्रक्रिया कशी करायची, रेशनवर किती धान्य मिळायला हवं, बचतगटाचा हिशेब कसा लिहायचा, अशा विषयांवर इथल्याच बोलीत, इथल्याच माणसांना घेऊन चित्रफिती बनतात. संध्याकाळी गावात पडदा लावून त्या दाखवतात. आता त्या यूट्यूबवरही आहेत. पण काम पडद्यासमोरच्या गर्दीत होतं.

का, याचं एक उत्तर कर्नाटकातून मिळतं. डिजिटल ग्रीन या संस्थेने २००८ च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांच्या चित्रफिती गावागावात दाखवल्या. गावातलाच एक जण चित्रफीत मध्येच थांबवायचा, प्रश्न विचारायचा, पुढच्या आठवड्यात कोणी काय करून पाहिलं याची नोंद ठेवायचा. नुसत्या नेहमीच्या कृषी विस्तार कामापेक्षा तिथे कितीतरी जास्त शेतकऱ्यांनी नवी पद्धत उचलली. प्रेक्षकांचा पहिला प्रश्न बहुतेकदा पद्धतीबद्दल नसायचा. पडद्यावरचा माणूस कोण, कोणत्या गावचा, हा असायचा.

देवासच्या गावांना हे चित्रफितींच्या आधीपासून माहीत होतं. इथे रात्री कबीराची भजनं म्हणणाऱ्या मंडळ्या आहेत. गाणारे बहुतेक दलित, शेतमजूर. शिक्षणात काम करणाऱ्या एकलव्य संस्थेच्या देवास केंद्राने १९९१ मध्ये ‘कबीर भजन एवं विचार मंच’ सुरू केला. महिन्यातून एकदा मंडळ्या जमायच्या, रात्रभर गायच्या, आणि गाण्याच्या मध्ये थांबून बोलायच्या. कबीर जातीबद्दल हे म्हणतो, मग आपल्या गावच्या विहिरीचं काय? गाणं शतकानुशतकं होतंच, थांबून विचारणं नवं होतं. याच वर्तुळातले शाळामास्तर प्रह्लादसिंह टिपानिया पुढे कॅसेटवर आले, मग यूट्यूबवर आले, २०११ मध्ये पद्मश्री झाले. २०१९ मध्ये देवासमधून लोकसभेला उभेही राहिले आणि हरले. ऐकणारे लाखो आणि मत देणारे निराळे, हे उमेदवारांना दर निवडणुकीत नव्याने कळतं.

*

आता तक्रारीकडे परत यायचं तर मध्य प्रदेशात २०१४ पासून १८१ हा सीएम हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन फुकट, दहा रुपयांचाही प्रश्न नाही. गावात भांडण झालं की ‘१८१ लगा दूँगा’ ही धमकी झाली आहे, आणि ती चालते. कारण तक्रारीला वेळेत उत्तर दिलं नाही तर ती खालच्या अधिकाऱ्याकडून आपोआप वरच्याकडे सरकते. एल-वन, एल-टू करत एल-फोरपर्यंत. सरकारी यंत्रणेतल्या मला आवडलेल्या थोडक्या गोष्टींपैकी ही एक. मग अधिकाऱ्यांनी उपाय शोधला. तक्रारदाराला फोन करून, समजावून, कधी दटावून तक्रार मागे घ्यायला लावायची, किंवा वरून ती ‘फोर्स क्लोज’ करायची. आकडा स्वच्छ दिसतो.

याच्या उलट टोकाला सीजीनेट स्वर आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगड आणि लगतच्या गोंड भागांसाठी ते सुरू केलं. साध्या फोनवरून एका नंबरला लावायचं, आपल्या भाषेत प्रश्न सांगायचा. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. महत्त्वाचं हे की बोलणारा शेवटी जबाबदार अधिकाऱ्याचा फोन नंबर सांगतो. ऐकणारे, कुठल्या कुठल्या शहरातले, त्या अधिकाऱ्याला फोन करतात. काम झालं की तोच माणूस पुन्हा फोन करून सांगतो, झालं. सरकारने आपल्या तारा ओढून जे साधलं नाही ते अनोळखी माणसांच्या चिकाटीने साधलं जातं.

फोन मुळात कोणाच्या हातात आहे, हाही प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातल्या जेमतेम ३८ टक्के बायकांकडे स्वतः वापरण्याजोगा मोबाइल होता, आणि खेड्यातल्या पाचांपैकी एखादीनेच कधी इंटरनेट वापरलं होतं. ग्रामपंचायतीचा व्हॉट्सअॅप गट म्हणजे बहुतेक ठिकाणी पुरुषांचा गट असतो. हँडपंपावर मात्र बाई जाते. बागलीत बचतगटाची बैठक आणि पडदा टिकून आहे, त्याला हेही एक कारण आहे.

म्हणून उद्या धारचा किंवा देवासचा कोणी नवा जिल्हाधिकारी लोकसहभागासाठी अॅप काढायला निघाला, तर माझी सूचना साधी आहे. अॅप नको. पुदुच्चेरीजवळच्या वीरमपट्टिनम गावात १९९८ नंतर स्वामिनाथन फाउंडेशनच्या केंद्रातले स्वयंसेवक अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावरून समुद्राच्या लाटांची उंची उतरवून घेत आणि भोंग्यावरून कोळ्यांना ओरडून सांगत. कोळ्यांना संगणक बघावाही लागत नसे. कुक्षीच्या, बागलीच्या आठवडी हाटात भोंगा आहेच, बांगड्यांचे भाव सांगायला वापरतात. गेल्या आठवड्यात १८१ वर या तालुक्यातून किती तक्रारी गेल्या आणि त्यांचं काय झालं, ते कोटवाराने तिथे वाचून दाखवावं. हँडपंप कोणत्या गावचा, अधिकारी कोण, तारीख कोणती. झाला असेल तर झाला, नसेल तर नाही. आणि ‘फोर्स क्लोज’ केला असेल तर कोणी केला, त्या अधिकाऱ्याचं नाव.